पेठेतलं पेंटहाउस: वरची गच्ची नक्की कुणाची?

हा आपल्या नव्या एपिसोडचा लिखित भाग. मेट्रोत इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि "ताई, ते कागदांची नावं परत सांग ना" म्हणणाऱ्यांसाठी. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेच गाळलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याने पाठवलेल्या जाहिरातीवरून घेतलाय. जाहिरात अशी: सदाशिव पेठ, लक्ष्मी रोड चालत पाच मिनिटं, 2,200 चौरस फुटांचं पेंटहाउस, खासगी टेरेस, पर्वती व्ह्यू, किंमत 2 कोटी 75 लाख. खाली त्याचा प्रश्न: "हे एवढं महाग का? आणि टेरेस खरंच खासगी असते का?"

आता तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील, आपल्याला काय करायचंय, आपलं बजेट वन बीएचकेचं. थांबा. या प्रश्नाचं उत्तर खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना जास्त लागू आहे. का ते पुढे कळेल. आणि आधीच सांगते, मी वकील नाही. मी कोड लिहिते. पण दुसऱ्याचं डॉक्युमेंटेशन नीट वाचायची सवय नोकरीने लावलीय, तीच इथे वापरलीय.

पेठेत पेंटहाउस आलं कुठून?

जुन्या वाड्याला गच्ची नसायची. दिंडी दरवाजा, आत चौक, ओसरी, वर माडी आणि त्यावर कौलं. कौलांवर काय मांजर फिरणार, माणूस नाही. अपवाद मोठ्या लोकांचा. शनिवारवाडा बाजीरावांनी 1730 ते 1732 मध्ये बांधला. तो पुढे सात मजली झाला, सगळ्यात वरच्या भागाला मेघडंबरी म्हणत आणि तिथून आळंदीचा कळस दिसायचा, असं सांगतात. म्हणजे व्ह्यूचं वेड आपल्याकडे नवीन नाही. 1828 च्या आगीत वरचं सगळं जळालं. आज आपण तिकीट काढून बघतो तो तट, दरवाजे आणि जोती.

मग 12 जुलै 1961. पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नारायण, शनिवार, कसबा पेठेतले कितीतरी वाडे पडले. त्यानंतर पेठांत तीन-चार मजली सिमेंटच्या इमारती वाढत गेल्या, आणि सगळ्यांसाठी सपाट गच्ची आली. पापड वाळवायला, पतंग उडवायला, उन्हाळ्यात गाद्या टाकायला. ती गच्ची कुणा एकाची नव्हती.

आता उरलेले वाडे आणि त्या पहिल्या पिढीच्या इमारती पुन्हा बांधल्या जातायत. त्यात 2024 मध्ये शिवाजीनगर न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली, कसबा पेठ आणि मंडईला स्टेशन आलं. गल्ली तेवढीच अरुंद आहे, पण पत्ता अचानक सोयीचा झाला. या रिडेव्हलपमेंटमध्ये सगळ्यात वर जे घर येतं, त्याला जाहिरातीत पेंटहाउस म्हणतात.

वरचं घर खालच्यांचा खर्च काढतं

हे मला कळलं आत्यामुळे. माझी आत्या नारायण पेठेत एका वाड्यात भाडेकरू आहे. दोन खोल्या, सामाईक संडास, चौकात नळ. मालक आणि सहा बिऱ्हाडं. जागा साधारण चार गुंठे. सध्या तिथे रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत.

हिशोब बघा. मालकाला नवीन घर द्यायचं, सहा भाडेकरूंना मालकीची घरं द्यायची. झाले सात फ्लॅट, ज्यांतून बिल्डरला एक रुपया मिळत नाही. उलट दोन-तीन वर्षं या सगळ्यांचं बाहेरचं घरभाडं त्यानेच भरायचं. बांधकाम, लिफ्ट, परवानग्या हे वेगळंच. हे पैसे येणार विकायच्या घरांतून. आत्याच्या प्लॅनमध्ये तशी चारच आहेत: चौथ्या मजल्यावर तीन आणि पाचव्यावर एक. ते पाचव्यावरचं एक म्हणजे पेंटहाउस.

म्हणजे त्या एका घराला जितकी जास्त किंमत येईल, तितका अख्खा प्रकल्प सुरळीत चालेल. म्हणून ते घर सजवून विकावं लागतं. लाकडी डेक, झोपाळा, पर्वती, विसर्जन मिरवणूक घरबसल्या, सगळं जाहिरातीत येतं. यात गैर काही नाही. प्रश्न फक्त इतकाच की सजवताना जे सगळ्यांचं आहे तेही विकलं जातंय का.

2,200 चौरस फूट म्हणजे किती?

परत जाहिरातीकडे. पुढचे तुकडे मी समजण्यापुरते धरलेत, खऱ्या घरात वेगळे असतील.

2 कोटी 75 लाखांना 2,200 ने भागा. 12,500 रुपये फूट. वाटतं, बरंय की! आता तो 2,200 फोडू. आतलं घर, म्हणजे कार्पेट, 1,100. बाल्कनी 60. टेरेस 600. उरलेले 440 म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा तुमच्या नावावर टाकलेला वाटा.

2016 च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्वच्छ आहे. घराच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरायची नाही. त्या हिशोबाने 2 कोटी 75 लाख भागिले 1,100. झाले 25,000 रुपये फूट. दर एका झटक्यात दुप्पट.

आता समजा त्याच इमारतीत खालचा फ्लॅट कार्पेटवर 18,000 रुपये फुटाने जातोय. तेवढंच 1,100 फुटांचं घर खाली 1 कोटी 98 लाखांना मिळालं असतं. फरक 77 लाख. हे 77 लाख तुम्ही देताय टेरेससाठी, उजेडासाठी, डोक्यावर कुणी खुर्च्या सरकवत नाही त्या शांततेसाठी. द्यायला हरकत नाही. फक्त एक विचारा: या 77 लाखांच्या बदल्यात कागदावर माझ्या नावाने काय लिहिलं जाणार आहे?

गच्चीचे तीन प्रकार

इथेच बहुतेक लोक गोंधळतात, म्हणून सावकाश वाचा.

पहिला प्रकार, घराला लागून असलेली टेरेस. इमारत उंच होते तशी बाजूची मोकळी जागा जास्त सोडावी लागते, म्हणून वरचे मजले कधीकधी आत सरकतात. मग खालच्या मजल्याचा स्लॅब वरच्या घरासमोर उघडा राहतो. तिथे जायचं दार फक्त तुमच्या घरातून. ही टेरेस मंजूर नकाशात तुमच्या फ्लॅटला जोडलेली असेल आणि करारात तसं लिहिलं असेल, तर एकट्याने वापरायचा हक्क तुमचा. पण वापरायचा! महाराष्ट्रातल्या करारनाम्याच्या जुन्या नमुन्यातच अट आहे की अशी टेरेस महापालिकेची आणि बिल्डर किंवा सोसायटीची लेखी परवानगी मिळेपर्यंत बंदिस्त करायची नाही. म्हणजे काचा लावून हॉल वाढवणं बाद.

दुसरा प्रकार, इमारतीच्या डोक्यावरची गच्ची. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, सोलर, डिश, सगळं तिथे असतं. रेरा कायद्याच्या सामाईक जागांच्या यादीत जिने, लिफ्ट, बेसमेंट यांच्याबरोबर टेरेसही आहे. सामाईक जागा फ्लॅटसारखी विकता येते का? 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग हा फ्लॅट नाही आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. तो निकाल पार्किंगचा होता, पण विचार तोच: सगळ्यांच्या वाट्याची वस्तू एकाला विकायची नसते.

तिसरा प्रकार, गच्चीवर नंतर उभी राहिलेली खोली. आतून जिना, वर एक बेडरूम, जाहिरातीत "डुप्लेक्स पेंटहाउस". मंजूर नकाशात ती खोली नसेल तर ती बेकायदा आहे, मग फॉल्स सीलिंग कितीही भारी असो. बँकेचा माणूस मूल्यांकनाला येतो तेव्हा तो नकाशा हातात घेऊन येतो. कर्ज मंजूर भागावर मिळतं, नोटीस मात्र आख्ख्या घराला येते.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या प्रकारात तुम्हाला स्वतःचं फोल्डर मिळालंय. दुसऱ्यात शेअर्ड ड्राइव्ह आहे आणि कुणीतरी तुम्हाला त्याचा पासवर्ड विकतोय. तिसऱ्यात फाइल सर्व्हरवर आहेच नाही, फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतेय.

आत्याच्या वाड्यात नेमकं हेच झालं. कराराचा मसुदा आला, त्यात एक ओळ होती: वरची गच्ची पाचव्या मजल्याच्या खरेदीदारासाठी राखीव. सगळे खोल्यांची मापं बघण्यात गुंतलेले. आत्या म्हणाली, "टाकी कुठे बसणार?" वर, असं उत्तर आलं. "मग पाणी नाही आलं तर प्लंबर कुणाला विचारून वर जाणार? ते लोक गावाला गेले असले तर?" बैठकीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढच्या मसुद्यात वकिलाने बदल केला: पाचव्या मजल्यासमोरची लागून असलेली टेरेस त्या घराची, डोक्यावरची गच्ची आणि तिकडे जाणारा जिना सगळ्यांचा. बिल्डरने पेंटहाउसचा भाव थोडा कमी धरला. प्रकल्प मोडला वगैरे काही नाही.

आत्या दहावी शिकलीय. तिने कुठलंही कलम वाचलेलं नव्हतं. तिने फक्त विचार केला की रोजचं पाणी कुठून येतं. मला वाटतं करार वाचायची यापेक्षा चांगली पद्धत नाही.

उंची कोण ठरवतं?

पेठेत आणखी एक गोष्ट आहे जी हिंजवडीत नसते. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित स्मारक आहे. जंगली महाराज रोडवरची पाताळेश्वर लेणीही तशीच. अशा स्मारकांसाठी 1958 चा कायदा आहे, 2010 मध्ये तो कडक झाला. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद, जुन्या घराची दुरुस्तीही परवानगी घेऊनच. त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित: तिथे बांधता येतं, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून ना हरकत मिळवून, आणि उंचीची मर्यादा त्यातच येते.

याचे दोन परिणाम. एक, शनिवारवाड्याच्या अगदी जवळ कुणी नवं कोरं पेंटहाउस विकत असेल तर आधी नकाशा उघडून अंतर मोजा आणि ना हरकत पत्राची प्रत मागा. त्या पत्रातली उंची आणि प्रत्यक्ष इमारतीची उंची जुळली पाहिजे, कारण जास्तीचा मजला असेल तर तो सगळ्यात वरचाच असणार. म्हणजे तुमचा.

दुसरा परिणाम माणसांचा. त्या 100 मीटरमध्ये जे मोडकळीला आलेल्या वाड्यांत राहतात त्यांना नवीन इमारत बांधताच येत नाही. भिंतीला टेकू लावायचा आणि पावसाळा काढायचा. स्मारक जपायला हवं यात वाद नाही, पण त्याची किंमत कोण भरतंय हेही दिसायला हवं.

आणि एक गंमत. तुम्ही सगळ्यात वरचं घर घेतलंत, पण ते वरचंच राहील कशावरून? पाया जास्त मजल्यांचा घातलेला असतो, नंतर टीडीआर किंवा जादा एफएसआय मिळतो आणि डोक्यावर आणखी एक मजला चढतो. रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात मंजूर आराखड्यात असा बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. पण ती संमती तुमच्याच करारात, पान 30 वर, तुम्ही आगाऊ दिलीय असं लिहिलेलं सापडू शकतं. अशी ओळ दिसली तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

रेरा नंबर नसेल तर?

हा प्रश्न पेठेत हमखास येतो. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. पेठेतले बरेच प्लॉट यात बसतात, आत्याचाही. म्हणून नंबर नाही म्हणजे लगेच फसवणूक नव्हे. पण मग महारेराच्या वेबसाइटवर जे घरबसल्या दिसलं असतं, ते सगळं तुम्हाला हातात मागावं लागतं.

काय मागायचं?

मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. शहरात सातबाऱ्याऐवजी बहुधा हेच असतं, सिटी सर्व्हे नंबरवर. वाड्याच्या कार्डावर कधीकधी आजोबांच्या पिढीची पाच नावं असतात. ज्यांनी सही केली नाही असा एक चुलत भाऊ पुढे कोर्टात उभा राहू शकतो.

महापालिकेचा मंजूर नकाशा, आणि इमारत झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. टेरेस आणि वरची खोली या नकाशातच शोधा, ब्रोशरमध्ये नाही.

आधीच्या विक्रीचा इंडेक्स टू. घर पुन्हा विकलं जात असेल तर मागच्या मालकाला कागदावर किती क्षेत्र मिळालं होतं ते यात कळतं.

आणि पुण्यातला खास प्रश्न: सोसायटी आहे की अपार्टमेंट? आपण दोन्हीला सोसायटीच म्हणतो. पण 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली इमारत असेल तर एक घोषणापत्र नोंदवलेलं असतं, डीड ऑफ डिक्लरेशन. सामाईक काय, ठरावीक फ्लॅटपुरतं मर्यादित सामाईक काय, प्रत्येकाचा वाटा किती टक्के, हे त्यात असतं. टेरेस त्यात तुमच्या फ्लॅटसमोर नसेल, तर एजंटच्या "सगळ्यांना माहितीये हो" ला अर्थ नाही. सोसायटी असेल तर तिचे ठराव आणि मूळ करार बघा.

यातच गळती कुणी दुरुस्त करायची तेही लिहून घ्या. सामाईक गच्ची गळली तर दुरुस्ती सहसा सगळ्यांच्या खर्चाने होते. पण तुमच्या खासगी टेरेसवरच्या कुंड्यांमुळे खालच्यांच्या छताला ओल आली, तर भांडण तुमच्या दारात येणार.

किमतीवरचा खर्च

पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून 7 टक्के. 2 कोटी 75 लाखांवर 19 लाख 25 हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 6 टक्के, म्हणजे 16 लाख 50 हजार. नोंदणी शुल्क 30,000. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, भोगवटा मिळाल्यानंतर घेतलं तर नाही. आणि 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, तो विकणाऱ्याच्या पैशातून जातो.

बघायला जाल तेव्हा

संध्याकाळी पर्वतीवर दिवे लागल्यावर एजंट तुम्हाला टेरेसवर नेईल. जरूर बघा, ते सुंदरच असतं. पण एकदा दुपारी दोन वाजता जा, वरचा स्लॅब किती तापतो ते बघायला. एकदा गणपतीत जा, ढोलाचा आवाज पाचव्या मजल्यावर कसा येतो ते ऐकायला. लिफ्ट बंद असताना एकदा जिन्याने चढा. गल्लीत अग्निशमनची गाडी वळेल का ते बघा.

आणि तिसऱ्या मजल्यावर एक बेल वाजवा. जे काकू किंवा आजोबा दार उघडतील त्यांना विचारा, "वरची गच्ची कोण वापरतं?" ते "आम्ही सगळे" म्हणाले आणि एजंट "फक्त तुम्ही" म्हणत असेल, तर सहीआधी या दोघांना एकमेकांसमोर उभं करा.

पुढच्या एपिसोडमध्ये पार्किंग: ती एकावर एक गाड्या चढवणारी यंत्रं, आणि बंद पडली की काय करायचं. तुमच्या इमारतीत गच्चीला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. भेटू!